मोगादिशूसाठी नारळ

आमच्या घरात तेव्हा पेजेपुरतेही तांदूळ नसत. घरातला पहिला बी.ए. मी झालो तो पुढे. शेजारचा खलाशी मात्र सोमालियातल्या मोगादिशूहून परतला की तिथल्या स्वातंत्र्य मागणाऱ्या तरुणांच्या पक्षाचाच प्रचार करी, जणू मालवणातच मतदान होतं. तापात त्याला त्याच पोरांनी सांभाळलं होतं.

एकदा तो नारळ घेऊन देवळात आला. "गाऱ्हाणा घाला, माझ्या दोस्तांचो देस मोकळो होवंदे."

मानकरी म्हणाले, "आपल्या देवाची हद्द थंयसर खंय रे?"

"मी शिडार पोचतंय, देवाक कित्याक जमाचा नाय?"

मानकऱ्यांनी हसू दाबत गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

साठ साली सोमालिया स्वतंत्र झाला आणि सरकारही त्याच पक्षाचं आलं.