तपासणीच्या आदल्या दिवशी

माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, पिंपळगाव राजाला हरभऱ्याला पाणी देताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशीही गाठली नव्हती. तेरवी आटोपल्यावर मी यांना हट्टानं खामगावला रक्त तपासायला नेलं. कोलेस्टेरॉल वाढलेलं, ट्रायग्लिसराइड तर फारच. डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी दिली आणि सांगितलं, नुसतं चालून भागणार नाही, थोडी वजनंही उचला.

ते यांनी मनावर घेतलं. गावात नवी जिम उघडली होती. शेतातून आले की हे तिकडे. दंड भरले, पोट उतरलं. मग पावडरचा डबा आला, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आल्या. आमचं माळकरी घर; त्या कॅप्सूल बाहेर बुटांच्या फळीवर राहायच्या.

एकदा आवराआवर करताना लक्षात आलं की गोळ्यांच्या पट्ट्या तशाच भरलेल्या आहेत. जेवताना विचारलं.

"आता काऊन पाहिजे गोळी? व्यायाम करून राह्यलो ना मी," हे म्हणाले. "आंग पाह्य माह्यं."

"आंग तं दादायचंही चांगलंच होतं."

ताट तसंच ठेवून हे उठले. नंतर आमचं बोलणं कामापुरतंच. शेवटी हेच म्हणाले, चल, तपासूनच घेऊ. स्वतःचं खरं करायचं होतं यांना. आदल्या संध्याकाळी जिममध्ये तर जास्तच जोर लावला.

रक्त दिलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "आत्ताच या. दोघंही."

मोटारसायकलवर मी मागून यांचा खांदा धरला होता. शर्ट घामानं ओला होता आणि वारा तर गार होता.

बाईंनी आधी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती ठीक होती. तरी प्रश्न थांबेनात. ताप? दम लागतो? डावा हात दुखतो? शरीरात कुठे सूज, दाह आहे का हे सांगणारा आकडा बराच वर गेला होता. भावाचं असं झालेलं, म्हणून त्यांनी सकाळपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं होतं.

"दोन दिवसांत जड काम केलं का काही?"

"काल बैठका मारल्या, लय वजन घेऊन," हे म्हणाले. "मांड्या दुखून राह्यल्या अजून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. जड व्यायामानं स्नायू दुखावतात, त्यानंही हा आकडा चढतो, म्हणाल्या. पण तेच कारण आहे असं आज सांगता येणार नाही. आठवडाभर वजनाला हात लावू नका, मग परत तपासू.

तो आठवडा कसा गेला ते आम्हालाच ठाऊक. मी शाळेत फळ्यावर गणित लिहायचे आणि फोनकडे बघत राहायचे. हे शेतात एकटे जायचे नाहीत. जेवता जेवता मध्येच थांबायचे, छातीवर हात ठेवायचे. मी बघतेय म्हटलं की काढून घ्यायचे.

दुसऱ्या वेळी दाहाचा आकडा खाली आला होता. ट्रायग्लिसराइडही उतरलं होतं. माझा श्वास मोकळा होतोय तोवर बाईंनी कागद यांच्याकडे वळवला.

"व्यायामाचा आणि तेलाचा गुण दिसतोय. पण हे वाईट कोलेस्टेरॉल पहिल्यापेक्षा वाढलंय. ते व्यायामानं, तेलानं उतरत नाही, तुमच्या घराण्यातच आहे. गोळी कोणी बंद केली?"

यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्याच," हे म्हणाले. "मले वाटलं, आता गरज नाही."

बाई रागावल्या नाहीत, आणि त्यामुळेच बहुतेक यांची मान जास्त खाली गेली.

मेडिकलमध्ये हे स्वतः गेले, गोळ्यांची पट्टी घेतली. बाहेर येऊन मला म्हणाले, "बोलून घे आता काय बोलाचं तं."

"आधी घरी चला," मी म्हटलं.

आता हे गोळीही घेतात, वजनंही उचलतात. रक्त द्यायचं असलं की आधी काही दिवस जिमला सुट्टी. पावडरवरून मात्र आमचं अजून जुळलेलं नाही.