होय लिहिलेले चाळीस कागद

माणसे खोटे बोलतात, सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी बोलत नाही, असे अलकनंदाबाईंचे अठ्ठावीस वर्षांचे मत होते. लग्नानंतर त्या नाशिकहून दिल्लीत आल्या आणि एका सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागल्या. वरिष्ठ आले, चढले, गेले. बाई सूक्ष्मदर्शकापाशीच राहिल्या. स्पष्ट बोलणाऱ्यांना बढती देण्याची आपल्याकडे रीत नाही.

यंदा फरीदाबादमधील कारखान्यांमागच्या एका प्राथमिक शाळेतून चाळीस मुलांचे शौचाचे नमुने आले. सत्तावीस नमुन्यांत जंतांची अंडी निघाली. सोबतच्या प्रश्नावल्या मात्र लख्ख होत्या. शौचालय वापरता का? होय. साबणाने हात धुता का? होय. चपला घालता का? होय. चाळीस कागदांवर एकही 'नाही' नव्हते.

पाहणीचे प्रमुख डॉ. गौरव मूळचे लातूरचे, बाईंच्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "सवयी तर एकदम उत्तम दिसतायत, मॅडम. गोळ्या पाठवू. तुम्ही म्हणता ती शाळेच्या नळजोडणीची शिफारस कशाला?"

"गोळीनं जंत पडतील, डॉक्टर. हात तसेच राहिले, तर पुन्हा पोटात जातील."

"पण कागदावर तसं नाही ना!"

शनिवारी बाई स्वतः शाळेत गेल्या. शौचालयाला कुलूप, नळ कोरडा. मुख्याध्यापिका सहज म्हणाल्या, "बच्चे गंदा कर देते हैं, जी. इन्स्पेक्शन के दिन खोलते हैं."

दुसरीतली सृष्टी अनवाणी बसली होती. बाईंनी विचारले, "बेटा, साबुन से हाथ धोती हो?"

पोर ताडकन उभी राहिली. "जी मैडम! खाने से पहले, शौच के बाद!"

"साबुन कहाँ है?"

"किताब में." मग घाबरून तिने विचारले, "नंबर कटेंगे क्या?"

बाईंना उलगडा झाला. चांगल्या सवयींचा धडा नुकताच झाला होता आणि मुलांनी प्रश्नावलीला परीक्षेचा पेपर समजून त्यातली बरोबर उत्तरे लिहिली होती. खोटे कोणीच बोलले नव्हते. इतक्या वर्षांच्या मताला सात वर्षांच्या मुलीने तडा दिला.

"नंबर नहीं कटेंगे," बाई म्हणाल्या, आणि एकेकाला जवळ बोलावून एवढेच विचारले, "आज सुबह कहाँ गए थे?" एकतीस जणांनी नाल्याचा काठ सांगितला. कोणी कोणाबरोबर गेले, कोण चिखलात घसरले, हेही हसत सांगितले.

सोमवारी हे ऐकून डॉ. गौरव वैतागले. "यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाहीये, मॅडम. अहवाल आज जायचाय. तुम्ही फक्त सही करा."

"सत्तावीस पोटांवर सही करते. चाळीस होयांवर करणार नाही."

"बाकी सगळ्या शाळा अडतील तुमच्यामुळे."

"मग मी अडवलं असं लिहा. कुलूप कोणी लावलंय, तेही लिहा."

नळजोडणीची शिफारस केली, तर वरून प्रश्न डॉक्टरांनाच विचारले जाणार होते. अखेर त्यांनी प्रश्नावल्यांचा गठ्ठा बाईंपुढे सरकवला. "समासात लिहा. पण बारीक अक्षरात."

बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या कागदाच्या समासात, दुरून वाचता येईल अशा अक्षरांत, लिहिले: शौचालयास कुलूप, नळास पाणी नाही. मग दुसरा कागद ओढला.