जीवन मिस्त्रीची पिवळी गाडी

जीवन मिस्त्रीनं सोळाशे सीसीचं चांगलं चालतं इंजिन काढून त्या जागी चौदाशेचं बसवायला घेतलं, तेव्हा शेजारच्या उत्तमरावांची खात्रीच झाली की एकटं राहून राहून ह्याचं डोकं फिरलं.

उत्तमरावांचं स्पेअर पार्टचं दुकान आणि जीवनचं गॅरेज यांच्यामध्ये एकच पत्रा. तेलंगणातल्या आदिलाबादच्या तामसी रोडवरची ही जागा. हंगामात मार्केट यार्डाकडे जाणारी कापसाची वाहनं दारावरूनच जातात. उत्तमराव आत आले, चेनपुलीला लटकलेल्या इंजिनाकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "काऊन रे बावा, मोठं काढून लहान बसवून राह्यला?"

"लहान हाय, पण टर्बो हाय, काका."

"म्हंजे?"

जीवननं हातातला पाना खाली ठेवला. असं विचारणारा माणूस त्याला क्वचितच भेटे. गोगलगाईसारखा तो लोखंडी भाग उचलून त्यानं उत्तमरावांच्या पुढं धरला. "इंजिनातून धूर बाहेर जाते ना, तो फुकट जाते. त्याच धुराच्या जोरावर ह्याच्यातला पंखा फिरते. मिनिटाले दीड लाख चक्कर! तो पंखा बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त."

"मंग आपल्या बोलेरो पिकअपले बी हाय ना टर्बो."

"हाय."

"मंग त्यात काय एवढं?" असं म्हणून उत्तमराव गिऱ्हाईक बघायला निघून गेले.

जीवननं पाना उचलला. हे 'त्यात काय एवढं' त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

विसाव्या वर्षी तो पुण्याला गेला होता. शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यानं नऊ वर्षं काढली. तिथं अर्ध्या मिलिमीटरवरून दोन माणसं तासभर भांडायची आणि मग एकाच ताटात जेवायची. मग इकडं वडिलांना, धोंडीबांना, लकवा मारला. आई आधीच गेलेली, बहीण लग्न होऊन तामसीला. जीवन सहा महिन्यांसाठी म्हणून आला. धोंडीबा अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत पोरी बघून झाल्या. महाराष्ट्रातले म्हणत, पोरगी तेलंगणात कायले द्यायची? इकडचे म्हणत, ह्याले बायको नाई, बापाचं करायले माणूस पायजे. दोन्ही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. वडील गेले तेव्हा जीवन चाळिशीचा होता. आता त्रेचाळीस. गॅरेजच्या मागच्या खोलीत तो राही. दिवसभर पिकअप, ऑटो, ट्रॅक्टर. काम कधी कमी पडलं नाही.

अशात एक दिवस अमरचा फोन आला. अमर मूळचा नागपूरचा. पुण्यात शिकायला होता तेव्हा आपली पिवळी पॅलिओ घेऊन वर्कशॉपमध्ये पडीक असायचा. आता हैदराबादेत नोकरीला. चौदा वर्षांनी त्यानं कुठून तरी नंबर मिळवला होता.

"जीवनभाऊ, गाडी अजून आहे माझ्याकडे. तिच्यात लिनिया गाडीचं टर्बो इंजिन टाकायचंय. तेव्हा आपण म्हणायचो ना? दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

गाडी आली, आणि तिच्या मागोमाग ताडपत्रीत गुंडाळलेलं इंजिन आलं. अपघातात सापडलेल्या एका लिनियाचं. वायरिंगचा गुंता, कॉम्प्युटर, किल्ली, सगळं एका पोत्यात.

रोज संध्याकाळी आठला अमर व्हिडिओ कॉल करायचा. जीवन फोन एका जुन्या बॅटरीला टेकवून उभा करी आणि दिवसभराचं काम दाखवी. इंजिन बसायच्या जागा जुळत नव्हत्या, म्हणून त्यानं पत्र्याचे साचे कापून नवे माउंटिंग घडवले. टर्बो रेडिएटरच्या पंख्याला घासत होता, म्हणून मोठा पंखा काढून दोन पातळ पंखे लावले. तापलेली हवा थंड करायला इंटरकूलर लागतो. तो पुढच्या बंपरच्या आत बसवला आणि त्याच्या पाइपांना असे जोड दिले की वेल्डिंगची रेघ दोऱ्यासारखी सरळ दिसे. अमर सगळं बघायचा, विचारायचा, चूकही काढायचा. एकदा म्हणाला, "तो खालचा पाइप जास्त वळतोय." जीवननं रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि सकाळी पाइप कापून पुन्हा केला. अमरचं बरोबर होतं. कोणी आपली चूक काढली याचा जीवनला इतका आनंद झाला की त्याचं त्यालाच हसू आलं.

हळूहळू बोलणं गाडीच्या बाहेर गेलं. "जेवलास का?" अमर विचारायचा. जीवन सांगायचा: आज भाजी करपली, आज एका ट्रॅक्टरवाल्यानं डोकं खाल्लं, आज ऊन असं की पाना हातात धरवत नाई. दिवसा काही घडलं की तो ते मनात बाजूला ठेवू लागला, आठ वाजता सांगायला. असं ठेवायची सवय त्याला पुण्यानंतर राहिली नव्हती.

इंजिन बसलं, पण सुरू होईना. स्टार्टर फिरे, ठिणगी पडत नसे. किल्ली, कॉम्प्युटर आणि डॅशबोर्डातला एक तिसरा डबा, या तिघांची ओळख पटल्याशिवाय ते इंजिन पेटणारच नव्हतं, आणि तिसरा डबा पोत्यात आलाच नव्हता. पाच आठवडे गेले. अमरनं हैदराबादचा भंगारबाजार पालथा घातला आणि त्याच लिनियाचा डबा शोधून पाठवला. ज्या संध्याकाळी जीवननं तो जोडला, त्या संध्याकाळी अमर फोनवर होता, त्याची दोन वर्षांची पोरगी त्याच्या कडेवर. जीवननं किल्ली फिरवली. सायलेन्सर अजून लावलेला नव्हता. अख्खा पत्रा थरथरला. फोनमध्ये अमर ओरडला, पोरगी रडायला लागली, आणि जीवन इतक्या मोठ्यानं हसला की उत्तमराव दुकान टाकून धावत आले.

"काय झालं? लागलं का कुठं?"

"चालू झालं, काका! चालू झालं!"

"बरं झालं बावा," उत्तमराव म्हणाले, आणि कानावर हात ठेवून परत गेले.

त्याच दिवशी अमर म्हणाला, "हे बघ, पहिली चक्कर आपण दोघांनी मारायची. मी येईपर्यंत रस्त्यावर काढू नकोस. दसऱ्याला येतो."

जीवननं मागची खोली झाडून घेतली. घरात उशी एकच होती, दुसरी आणली.

दसऱ्याला अमरचं ऑफिसचं काही निघालं. दिवाळीला सासुरवाडी निघाली. आठचा फोन आधी एक दिवसाआड झाला, मग रविवारचा रविवार, मग 'उद्या करतो' असा मेसेज. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी लागते. ते कागद अमर हैदराबादेत करणार होता, तेही राहून गेले. जीवन रोज सकाळी गाडी दहा मिनिटं सुरू करून ठेवी. यार्डाकडून उडालेली सरकी-कापसाची तुसं इंटरकूलरच्या जाळीत अडकत; ती रंगाच्या ब्रशनं झाडी. तीन महिने त्यानं गाडी दाराच्या बाहेर काढली नाही. शब्द दिला होता.

डिसेंबरात अमरचा आवाजी मेसेज आला. बोलेरोखाली आडवं पडूनच जीवननं तो ऐकला. "जीवनभाऊ, सॉरी यार, फार गडबड आहे. कॅनडाचं फायनल झालं. गाडी विकली, कोइमतूरच्या एका माणसाला, तो फक्त ट्रॅकवर पळवणार आहे, म्हणजे कागदांचंही टेन्शन नाही. शुक्रवारी ट्रेलर येईल. तू एकदा बाहेर काढून पळवून बघ आणि मला व्हिडिओ पाठव, त्याला दाखवायचाय."

जीवननं तो मेसेज दोनदा ऐकला. एकदा बाहेर काढून पळवून बघ. दोघांच्या पहिल्या चकरेचा त्यात उल्लेखही नव्हता. अमर मुद्दाम विसरला असता तरी चाललं असतं. तो खरोखरच विसरला होता.

बुधवारी दुपारी त्यानं गाडी काढली. परवानगीशिवाय रस्त्यावर जाणं त्याला पटत नव्हतं, पण चालवून न बघता आपलं काम दुसऱ्याच्या हवाली करणं त्याहून पटत नव्हतं. उत्तमरावांना म्हणाला, "चला काका, बसा."

"अरे, आज मालाची गाडी येऊन राह्यली. मंग कधी."

मग तो तामसीला बहिणीकडं निघाला. रस्ता गजबजलेला, बैलगाड्या, कापसाचे ट्रॅक्टर. त्यानं चाळीसच्या वर वेग नेला नाही. मालनबाई शेतात सापडली. वेचणी नुकतीच आटोपली होती, कमरेची कापसाची ओटी सोडून ती गाठोडं बांधत होती. नवरा गाठोडी बैलगाडीत टाकत होता.

"तू जाय त्याच्या गाडीनं," तो म्हणाला. "मी येतो मागून."

मालनबाईनं लुगडं झाडलं, चपला हातात घेतल्या आणि दार कसं उघडायचं ते न समजून तशीच उभी राहिली. जीवननं उघडून दिलं.

"कोणाची रे गाडी?"

"अमरची. हैदराबादचा. इंजिन बदललं मी तिचं."

"बिघडलं होतं?"

"नाई. चांगलं होतं."

मालनबाईनं भावाकडं पाहिलं, पण पुढं विचारलं नाही. "जेवला का?"

"हो. आक्का, थोडं पुढं गेलं की रस्ता मोकळा लागते. मंग दाखवतो तुले. धरून बस."

"धरते. गादी चांगली हाय हिची. पाठीले बरं वाटते."

शेरडांचा एक कळप ओलांडून गाडी सरळ रस्त्याला लागली. समोर चिटपाखरू नव्हतं. जीवननं गिअर खाली घेतला, एकदा बाजूला पाहिलं. मालनबाईची मान खिडकीकडं कलंडली होती, तोंड किंचित उघडं. सकाळी सहापासून ती वाकून होती. बोंडांनी ओरखडलेली बोटं मांडीवर तशीच चपलांभोवती मिटलेली.

त्यानं गिअर पुन्हा वर टाकला. पुढचा सगळा रस्ता त्यानं गाडी इतकी सावकाश चालवली की एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवून पुढं गेला. दाराशी पोचल्यावरही तो लगेच हाक मारेना. शेवटी कुत्रं भुंकलं तशी ती जागी झाली. "आलो का? कळलं बी नाई," म्हणाली, आणि भाकरी खाऊन जाय म्हणून दोनदा सांगून आत गेली.

परतताना त्याच सरळ रस्त्यावर त्यानं पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग बॉनेटखालून बारीक शिट्टी उठली, आणि कोणी दोन्ही तळहात पाठीला लावून ढकलावं तशी गाडी झेपावली. माउंटिंग हललं नाही, कुठला जोड वाजला नाही, कुठून थेंब गळला नाही. जे कागदावर आखलं होतं ते जसंच्या तसं पायाखाली होतं. "बाप रे!" जीवन मोठ्यानं म्हणाला. "पाहिलं का!" बाजूच्या सीटवर कापसाची दोन बोंडं पडली होती.

त्यानं गाडी कडेला घेतली. अमरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. थोड्या वेळानं मेसेज आला, 'मीटिंगमध्ये आहे. व्हिडिओ?'

जीवननं लिहिलं, 'गाडी चांगली पळते. व्हिडिओ काढायले बाजूले कोणी नवतं.'

अमरचा अंगठा आला.

शुक्रवारी ट्रेलर आला. ड्रायव्हर साठीचा, तमिळ. जीवनची हिंदी त्याला चार शब्दांपुरतीच कळे. बॅटरीची वायर सोडायला त्यानं बॉनेट उघडलं आणि थबकला. इंटरकूलरच्या पाइपावरच्या वेल्डिंगवरून त्यानं अंगठा फिरवला, वाकून माउंटिंग पाहिले, मग पुन्हा पाइप पाहिला.

"आप?" त्यानं विचारलं.

"हौ."

निघायची घाई असलेला तो माणूस बराच वेळ तसाच वाकून उभा राहिला. मग त्यानं बॉनेट दोन्ही हातांनी हळू लावलं आणि दोर आवळायला गेला. जीवन चहा सांगून येईपर्यंत ट्रेलर सुरू झाला होता.

कॅनडाला जायच्या आदल्या दिवशी अमरनं आठवणीनं फोन केला. "तू नसतास तर हे झालंच नसतं," म्हणाला, आणि ते मनापासून होतं. कामाचे पैसेही त्यानं वेळेवर, पुरेपूर दिले होते. राग धरावा असं त्यानं काहीच केलं नव्हतं, आणि तेच जीवनला जड गेलं. कोणाला सांगायचं तर काय सांगायचं?

फेब्रुवारीत एकदा कोइमतूरहून नव्या मालकाचा फोन आला. टर्बोची तेलाची नळी कुठल्या मापाची, हिंदीत त्यानं विचारलं. जीवननं माप सांगितलं, नट किती कसायचा ते सांगितलं, गाडी गरम असताना एकदम बंद करू नका, मिनिटभर तशीच चालू राहू द्या, हेही सांगितलं. "और सब बढ़िया?" त्या माणसानं सहज विचारलं. जीवनच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, सकाळपासून बाजूला ठेवलेलं. "बढ़िया," तो म्हणाला, आणि फोन आपणच ठेवला.

बाहेर उत्तमराव शटर ओढत होते. "येतो का जेवाले?" त्यांनी विचारलं. "वांग्याचं भरीत हाय आज."

दर वेळी जीवन 'मंग कधी' म्हणे. त्या दिवशी हात पुसत तो त्यांच्या मागोमाग गेला. उत्तमराव जेवताना रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल बोलत राहिले. जीवन दोन भाकरी जेवला, हो-हो म्हणाला, आणि आपल्या खोलीवर परत आला.