निंबाखाली आणलेली हद्द

वरूडच्या पुढे नाल्याकाठी आमची अकरा घरांची वस्ती आहे. नाला ओलांडला की मध्य प्रदेश. पण नाला दर काही वर्षांनी कूस बदलतो, म्हणून कधीकाळी कुणीतरी काठावर सीमेचा दगड रोवला होता. पुढे माणसं ते विसरली. दगडाला शेंदूर लागला, संत्र्याच्या बहाराआधी बाया तिथे नारळ फोडू लागल्या.

माझे वडील खुशालराव तेव्हा वीस वर्षांचे. मोठा पूर आला. देव वाहून जाईल म्हणून त्यांनी चौघांसोबत दगड उपटला, बैलबंडीत घातला आणि वाजतगाजत वर निंबाखाली आणून बसवला. आपण एका राज्याची हद्द उचलून आणली, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

यंदा जानेवारीत दोन्हीकडचे मोजणीवाले त्याच दगडापासून मोजणार, असं कळलं. म्हणजे नाल्याकडची बाबांची संत्र्याची तीनशे झाडं आणि विहीर पलीकडच्या राज्यात जाणार. ते टाळायचं तर साऱ्या वस्तीसमोर देवाला सरकारी दगड म्हणावं लागणार. बाबांचं हृदय अशक्त. मी लेकीला, प्रणालीला घेऊन मोजणीच्या आदल्या दिवशीच अमरावतीहून गेले.

सकाळी धुकं होतं. झाडं फुलली होती, आणि त्या वासातून माणसं पाण्यातून चालावीत तशी हळू येत होती.

"हा दगड इथचा नाही," बाबा निंबाखाली जमलेल्या मोजणीवाल्यांना म्हणाले. "मीच आणला."

"खुशालभाऊ, देवाले दगड म्हणून राहिले तुमी?" शेजारच्या शालूकाकू म्हणाल्या.

"दोन्ही हाये तो, वहिनी."

मूळ जागा विचारली तेव्हा बाबा सगळ्यांना बागेत घेऊन गेले. सरळ आखलेल्या रांगांच्या नाल्याकडच्या टोकाला एक झाड रांग सोडून उभं होतं. जंभेरीचं, म्हणजे ज्या आंबट खुंटावर संत्र्याचं कलम बांधतात त्याचं, पण कलम न बांधलेलं. देव उठवला की जागा रिकामी ठेवायची नाही, म्हणून बाबांनी तेव्हाच लावलेलं. आणि देवाच्या झाडाला सुरी लावायची नाही, म्हणून आंबटच राहिलेलं.

दुपारपर्यंत मोजणी चालली. जुन्या नकाशातली खूण त्या झाडापासून दोन हातांवर निघाली, तिथे हद्दीची खुंटी ठोकली. विहीर आणि झाडं इकडेच राहिली.

दगड परत इथे आणून बसवू, असं एक मोजणीवाला म्हणाला.

"त्याले राहू द्या तिथंच," बाबा म्हणाले. "सरकारी काम आता खुंटीले करू द्या."

शालूकाकू तोंडाला पदर लावून हसल्या. बाबा झाडाखाली मातीतच बसले. मी नाडी बघायला त्यांचा हात धरला, तर त्यांनी दुसऱ्या हाताने माझाच हात थोपटला.