बैलाचा अंदाज

साठ-एकसष्ट साल असेल. पांढरकवड्याजवळच्या एका पुलावर मी नवाकोरा ओव्हरसियर होतो. कोणतं काम किती दिवसांत होईल, याचा तक्ता साहेबांना द्यायचा होता. म्हाताऱ्या गवंडी मिस्त्रीला विचारलं, "खांब किती दिवसांत उभे राहतील?"

तो चुना दळायच्या घाणीपाशी गेला. चपला काढल्या, घाणीच्या बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटला आणि त्यानं मान हलवेपर्यंत हात जोडून उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "चाळीस म्हणते."

"अहो, बैलाला काय विचारता?"

"मंग कोणाले इचारू? चुना तोच दळते. चुन्याबिगर एक दगड बसत नाही. अन् त्याले साहेबाचं भेव नाही."

मी वीस लिहिले. साहेबांनी खोडून पंधरा केले. खांब चाळिसाव्या दिवशी उभे राहिले. मला मेमो मिळाला, बैलाला सरकीची ढेप.

मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या पुलाचा तक्ता घेऊन गेलो, तेव्हा साहेबांनी आधी दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "बैल काय म्हणतो?"