शिक्षा झाल्याचं कळवू नये

माझा पुतण्या पुण्यात इंटरनेटवरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं तिथे एकमेकांशी खेळतात, आणि त्यांच्यातल्या लबाडांना काय शिक्षा करायची हे ठरवणं, हे त्याचं काम. माणसाला या कामाचा पगार मिळतो हे मला उशिरा कळलं. आम्ही फुकट करत होतो.

दिवाळीला आला तेव्हा त्यानं नवी शिक्षा समजावून सांगितली. लबाडाला हाकलायचं नाही. हाकललं की तो दुसरं नाव घेऊन परत येतो. त्याला खेळू द्यायचं, बोलू द्यायचं, फक्त त्याचं बोलणं बाकी कुणाला दिसणार नाही अशी सोय करून ठेवायची. तो आपला एकटाच बोलत राहतो.

"किती साधं आहे बघा, काका. पण कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

माझ्या आलं होतं. परभणीत, पोस्टकार्डांच्या काळात.

मी तेव्हा एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. वाचनालयाला वाचक कमी आणि पदाधिकारी जास्त असल्यामुळे वेळ भरपूर होता. त्यातून आम्ही टपालानं बुद्धिबळ खेळण्याचं मंडळ काढलं. रीत सोपी होती. पटाच्या प्रत्येक घराला दोन आकडी क्रमांक. मोहरं कुठून उचललं आणि कुठं ठेवलं ते चार आकड्यांत कार्डावर लिहायचं, पेटीत टाकायचं, आणि समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसायचं. एक डाव वर्षभर चाले. कार्डं वाचवायची एक युक्तीही होती. समोरच्याला एकच चाल शक्य असेल, तर 'तुमची अमुक असल्यास माझी तमुक' असं आधीच लिहून टाकायचं. त्याला आम्ही 'असल्यास' म्हणायचो.

सेलूपासून गंगाखेडपर्यंत वीस-पंचवीस खेळाडू झाले. प्रत्येकाला नंबर दिला; पत्ता फक्त ज्याच्याशी डाव असेल त्यालाच कळवायचा. नावं, गावं, हुद्दे काही नकोत, पटासमोर सगळे सारखे, असं आमच्या पत्रकात लिहिलं होतं. ते वाक्य माझं. त्याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

मंडळाचे अध्यक्ष निजामाच्या वेळेपासून कोर्टात पेशकारी केलेले गृहस्थ होते. न्यायाधीशांसमोर कागद ठेवणं हे पेशकाराचं काम. तीस वर्षं ते केल्यावर आपणच न्याय दिला अशी त्यांची समजूत झाली होती. अध्यक्ष म्हटलेलं त्यांना आवडत नसे, 'सदर' म्हणावं लागे. मंडळाची पहिली खरेदी म्हणजे त्यांच्या पदाचा रबरी शिक्का. बुद्धिबळाचा पट आम्ही त्यानंतर घेतला.

माणसं जमली की गुन्हे आलेच. एक जण हरायला लागला की कार्डच मिळालं नाही म्हणायचा. येलदरीच्या वीजघरात पाळीवर असणारा आमचा एक सभासद चालीखाली टोमणे लिहायचा, 'घोडा पाणी प्यायला गेला का?' असे, आणि ते पोस्टमन वाटेत सगळ्यांना वाचून दाखवायचे. एकाला आम्ही काढून टाकलं, तर तो सासूच्या नावानं परत आला. सासूला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, पण ती उंट फार बारकाईनं चालवायची.

सदर म्हणाले, "ताजिरात लिहा. कायद्याबिगर खेळ म्हणजे तमाशा."

ताजिरात म्हणजे दंडसंहिता. ती मी लिहिली. पुस्तकं हाताशी होती. जगात गुन्ह्याला शिक्षा कशी मोजतात यावर जेवढं सापडलं तेवढं वाचलं. उशिरा चाल टाकणाऱ्याचे दिवस कापायचे. टोमणे लिहिणाऱ्यानं पुढची पाच कार्डं एकही अशुद्ध शब्द न लिहिता पाठवायची. येलदरीकरानं त्यावर फक्त आकडे लिहून पाठवले आणि आमची जिरवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी चौथं कलम लिहिलं.

लबाडी करणाऱ्याला काढायचं नाही. त्याला काही कळवायचंही नाही. बाकीच्यांना खासगीत कळवायचं की याच्या कार्डाला उत्तर देऊ नका, आणि आलेलं कार्ड वाचनालयाकडे पाठवा. तो वाट बघेल, पुन्हा लिहील, टपालखात्याला शिव्या देईल, आणि कंटाळून आपोआप गळून जाईल. खटला नाही, भांडण नाही, सासू नाही. लबाडी कशाला म्हणायचं तेही सगळं जाहीर करायचं नाही, कारण आपली नजर कशावर आहे हे कळलं की लोक तेवढंच टाळतात. सदरांनी कलम दोनदा वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही कोर्टात पाहिजे होतात." मला बरं वाटलं. हे लिहून ठेवलं पाहिजे.

न सांगितलेल्या लबाड्यांत एक होती शिक्क्याची. एक जण परभणीत येऊन इथल्या पट्टीच्या खेळाडूकडून चाल काढून घ्यायचा आणि इथूनच कार्ड टाकायचा. म्हणून आम्ही ठरवलं की कार्डावर ज्याच्या त्याच्या गावच्या टपालाचाच शिक्का पाहिजे. बाहेरचा शिक्का म्हणजे बाहेरची अक्कल.

अठरा नंबरची सगळी कार्डं पिंगळी स्टेशनची असायची. त्याचं गाव तिथून दोन कोसांवर. गावाचं नाव लिहीत नाही. गावात टपाल होतं, लाल पेटी होती. तरी पठ्ठ्या स्टेशनावरच्या डब्यात कार्ड टाकायचा. अक्षर सरळ, आकडे छापल्यासारखे, चालीखाली कधी एक शब्द जादा नाही. सोळा डाव जिंकून तो पहिला होता. सतरावा सदरांशी चालू होता, आणि तो जिंकला की जिल्ह्याचं पहिलं ढालपदक त्याचं होतं.

त्या डावात त्यानं एक दिवस वजीरच देऊन टाकला. कार्डावर ५३५८. सदर ते घेऊन वाचनालयात आले, मी पट मांडला. वजीर हत्तीनं मारण्यावाचून सदरांना दुसरी चालच नव्हती, आणि मारला की मागून पांढरा हत्ती येऊन मात. सदरांनी राजाची सगळी घरं बोटानं मोजली. मग त्यांनी कार्ड उलटं केलं.

"शिक्का बघितला का? पिंगळी."

त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. समिती म्हणजे सदर, मी आणि येलदरीकर. येलदरीकर म्हणाला, "सदरसाहेब, चौदा नंबराच्या कार्डावर बी परभणीचाच शिक्का असतोय की."

"ते कामानिमित्त शहरात येतात. घरंदाज माणूस आहे."

"आन ह्यो?"

"ह्याला काय काम असणार?"

येलदरीकरानं माझ्याकडं बघितलं. नंबर सगळ्यांसाठी होते, पण सगळे पत्ते माझ्या वहीत होते, आणि आडनावं पत्त्यात असतात. अठरा नंबर गावाबाहेरच्या वस्तीतला होता हे मला माहीत होतं. नामांतराचा वाद पेटून दोन-तीन वर्षं झाली होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून खेड्यापाड्यांत काय काय चाललंय हे मी वाचनालयातल्या सगळ्या वर्तमानपत्रांत रोज वाचत होतो, आणि तारखेप्रमाणे फायलीला लावत होतो. पण आमच्या ताजिरातीत जात नव्हती. शिक्का होता. मी हात वर केला. येलदरीकरानंही केला, त्याला शेवटची एसटी गाठायची होती.

अठरा नंबरचं दुसरं कार्ड आलं. 'माझी चाल पोचली नसल्यास पुन्हा कळवतो. ५३५८.' महिन्यानं तिसरं, तेच. चौथ्यावर 'कृपया' वाढला होता. बाकी चालू असलेल्या डावांतल्या खेळाडूंकडची त्याची कार्डंही माझ्याकडे येत होती. सगळी मी टेबलाच्या खणात एकावर एक ठेवत होतो. कलम किती बिनआवाजी चालतंय याचं मला कौतुक वाटत होतं.

मग एका दुपारी तो स्वतःच आला. तिशीचा, बारीक, इस्त्री केलेला सदरा. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला.

"अठरा नंबर," तो म्हणाला. "मंडळाचे चिटणीस हायत का?"

सदर आतच होते. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी म्हणालो, "मीच."

"माझी चार कार्डं गेली. पोचली का तेवढं बघायचं व्हतं. कुणाचंच उत्तर येईना. डीएड झालोय, नोकरी न्हाई, वस्तीतली लेकरं शिकवायलाय. मोकळा वेळ लय. म्हणलं, जाऊनच बघावं."

त्याचे डोळे माझ्या टेबलावर होते. खण अर्धा उघडा होता. मी तो गुडघ्यानं लोटला आणि म्हणालो, "टपालाचा घोळ असेल. चौकशी करतो."

"घोळ तिथं न्हाई व्हणार. पिंगळीच्या स्टेशनावर टाकतो मी. टपालाची थैली गाडीत चढताना डोळ्यानं बघून येतो."

"गावात पेटी आहे की तुमच्या," मी म्हणालो. एवढं विचारायचं मला सहा महिन्यांत सुचलं नव्हतं.

"टपाल गावच्या जमीनदाराच्या वाड्यात हाय, पेटी त्याच्या ओसरीत टांगलीय. नामांतरापासून आमाला ओसरी बंद. पहिलं कार्ड मी एका पोराच्या हाती धाडलं, तर पोस्टमास्तर आकडे बघून मटक्याचे हायत म्हणला. मटकेवाला आपले न्हाईत म्हणला, तवा मोर्चाच्या खुणेचे ठरले. दिवसभर पोलीस पाटलाच्या दारात उन्हात बसवलं. मी पट मांडून दावला तर म्हणले, ह्यातला राजा कोण? आलेलं टपाल तेवढं वस्तीच्या तोंडाशी टाकून जात्यात. म्हणून दोन कोस चालत जातो. तसं बी गावात आमच्याशी कुणी बोलत न्हाई, गिरणीवाला दळून देत न्हाई. ही कार्डंच काय ती येत व्हती."

सदरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांना खरं बोलायची हौस होती. कोर्टात राहून ती लागते.

"तुमची कार्डं पोचली आहेत. बाहेरच्या शिक्क्याची होती. मंडळानं कलम चारखाली तुम्हाला शिक्षा दिली आहे."

तो आधी हसला. मग माझ्याकडं बघून थांबला.

"सहा महिने?"

"होय."

"मग तसं सांगायचं व्हतं."

"सांगायचं नाही, हेच कलम आहे," सदर म्हणाले.

त्यानं उंबऱ्यावर पायाच्या बोटानं रेघ ओढली. "गावानं निदान दवंडी देऊन सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

वाचनालयात पंखा फिरत होता. खण नीट बंद आहे ना, ते मी गुडघ्यानं चाचपलं.

त्यानं खिशातून पुठ्ठ्याचा छोटा पट काढला. मोहऱ्यांच्या जागी सदऱ्याच्या गुंड्या होत्या, त्यांवर दोऱ्यानं खुणा केलेल्या. डाव तसाच मांडलेला होता, चिकटवून. "सदर तुमीच का? एकच चाल ऱ्हायली तुमची. मी 'असल्यास' मुद्दाम लिहिलं न्हाई. म्हणलं, वडीलधारं माणूस हाय, शेवटची चाल त्यांनी आपल्या हातानं लिहावी. आता इथंच करून टाका. मी जातो."

सदर उठले. मला वाटलं, करतील. त्यांनी टोपी घातली. "हा डाव टपालाचा आहे. समोरासमोर केलेली चाल ग्राह्य नाही. तुमचं म्हणणं रास्त आहे. शिक्क्याचा नियम आम्ही उद्या दुरुस्त करू. पण कायदा मागं वळून बघत नसतो. पुढच्या वर्षी नव्यानं नाव नोंदवा."

त्यानं पट मिटला, चपला घातल्या आणि स्टेशनाकडं गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारलं असतं तर पेला कुठला द्यायचा हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

दोन दिवसांनी कार्ड आलं. परभणी स्टेशनचा शिक्का. '४८५८ असल्यास ५१५८.' बाकी काही नाही. सदरांनी त्यावर 'अग्राह्य' लिहून रबरी शिक्का उमटवला. नियम दुसऱ्या दिवशी खरोखर दुरुस्त झाला. आमची न्यायबुद्धी अशी तत्पर होती. वार्षिक समारंभात ढालपदक सदरांनी सदरांच्या हस्ते स्वीकारलं, शाल आणि नारळ वेगळा. अहवाल मी वाचला. यंदा एकही तंटा झाला नाही, असं त्यात होतं, आणि ते खरं होतं.

अठरा नंबरनं पुढच्या वर्षी नाव नोंदवलं नाही. मंडळ आणखी तीन वर्षं चाललं.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण काका, तो लबाड नाही हे तुम्हाला कळणार तरी कसं होतं?"

"विचारून."

"इतक्या लोकांना कोण विचारत बसणार?"

आमचे पंचवीस होते, एवढंच मी म्हणालो.

एक गोष्ट त्याला सांगितली नाही. सदर वारल्यावर, म्हणजे नामांतराचा निर्णय लागला त्याच्या आसपास, मी एक कार्ड घेतलं, त्यावर ४८५८ एवढंच लिहिलं, अठरा नंबरचा जुना पत्ता घातला आणि पेटीत टाकलं. सदरांच्या वतीनं चाल करण्याचा मला अधिकार नव्हता. पण ती एकच चाल होती. तीन आठवड्यांनी कार्ड परत आलं. पाठीवर तांबड्या शाईत लिहिलं होतं, 'या नावाचा इसम येथे राहत नाही.' त्याखाली त्या गावच्या टपालाचा गोल शिक्का होता, स्वच्छ उमटलेला, तारखेसकट. आमच्या सगळ्या फायलीत त्या गावचा शिक्का असलेलं तेवढं एकच कार्ड आहे. नियमाप्रमाणे.