शेजारणीचं गिऱ्हाईक

थंडी पडली की सोलापुरात तिबेटी स्वेटरवाले येतात. त्यांच्यातल्या एका म्हातारीकडे मी दरवर्षी जातो, पण नाव कधी विचारलं नाही. तिच्याकडे माझ्या मापाचं काही नसलं, की ती गुडघे चोळत उठते आणि हाताला धरून मला शेजारणीच्या दुकानात नेते.

यंदाही तिनं तिथं नेलं, तेव्हा न राहवून मी म्हणालो, "आजी, हातचं गिऱ्हाईक असं कुणी देतं व्हय? ही सख्खी बहीण आहे की काय?"

"तिबेटातल्या लढाईत आई बर्फातून पळाली, तवा मी पोटात," ती इथंच शिकलेल्या मराठीत म्हणाली. "हिच्या आईनं अंगावरचं एकुलतं एक घोंगडं माझ्या आईला दिलं. त्यातच मी जन्मले की."

शेजारणीनं गठ्ठ्यातून माझ्या मापाचा स्वेटर काढला. म्हातारीनं तो माझ्या खांद्यांना लावून पाहिला आणि स्वतःचाच माल खपल्यासारखी हसली.